पुढच्या वर्षी किती कमवाल?

१ ऑक्टोबर २०१३ला अमेरिकेच्या केंद्र सरकारने आरोग्यविम्याचं ऑनलाइन दुकान उघडलं. ‘हेल्थकेअर डॉट गव्ह’ हे त्याचं नाव. पहिल्या चोवीस तासांत ४७ लाख लोक तिथे डोकावून गेले आणि विमा पदरात पाडून बाहेर पडले ते ६ जण. दुसऱ्या दिवसाअखेर आकडा २४८वर गेला. सरकारने हे आपणहून सांगितलं नव्हतं. अंतर्गत बैठकांची टिपणं संसदीय समितीने महिन्याभरात उघड केली, तेव्हा कुठे ते कळलं.

त्या दिवशी वर्तमानपत्रांकडे याहून मोठी बातमी होती. हे दुकान ज्या कायद्याने उघडलं तोच कायदा रोखायचा म्हणून विरोधकांनी सरकारी खर्चाची मंजुरी अडवून धरली होती आणि सरकारी कामकाज ठप्प झालं होतं. ते १६ दिवस ठप्प राहिलं. गंमत अशी, की ज्यांना ओबामांची फजिती जगाला दाखवायची होती ते स्वतःच्याच गोंधळात गुंतले आणि साइटची रड सुरुवातीला बरीचशी झाकली गेली.

‘अफोर्डेबल केअर अ‍ॅक्ट’वर, म्हणजे लोकांच्या तोंडच्या ‘ओबामाकेअर’वर, सही झाली होती २३ मार्च २०१०ला. तयारीला साडेतीन वर्षं मिळाली होती. पैशाचीही वानवा नव्हती. आपल्याकडच्या कॅगसारखं काम करणाऱ्या ‘जीएओ’ या संस्थेच्या हिशेबाने मार्च २०१४पर्यंत साइट आणि तिच्या आधारयंत्रणा यांच्यापायी सुमारे ८४ कोटी डॉलर गुंतले होते. कंत्राटदार पुष्कळ होते. मुख्य साइट ‘सीजीआय फेडरल’कडे, निरनिराळ्या खात्यांतली माहिती जुळवणारा ‘डेटा हब’ ‘क्यूएसएसआय’कडे. या सगळ्यांची मोट बांधायचं काम आरोग्य मंत्रालयातल्या ‘सीएमएस’ या विभागाने स्वतःकडेच ठेवलं होतं. सगळी यंत्रणा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालवून पाहिली गेली ती शेवटच्या दोन आठवड्यांत. हे कंत्राटदारांनीच नंतर संसदेपुढे सांगितलं. त्यात उशिरा एक निर्णय झाला, की नुसते भाव बघायचे असले तरी गिऱ्हाइकाने आधी खातं उघडायचं, ओळख पटवायची, मगच पुढे जायचं. लाखो माणसं पहिल्या पानावरच तुंबली. जे कसेबसे आत शिरले त्यांचे अर्ज विमा कंपन्यांकडे पोचताना विस्कटत होते. एकाच माणसाची नोंद दोनदा होत होती, आणि काही अर्जांत जोडीदाराची नोंद चक्क अपत्य म्हणून झालेली होती.

आरोग्यमंत्री कॅथलीन सिबेलियस यांनी ३० ऑक्टोबरला संसदीय समितीपुढे जबाबदारी घेतली. पुढच्या एप्रिलमध्ये त्यांनी राजीनामा दिला. दुरुस्ती सोपवली गेली जेफ्री झायंट्स यांच्याकडे. त्यांच्याबरोबर सिलिकॉन व्हॅलीतून आलेली थोडी माणसं होती, त्यांत गुगलमधले मायकी डिकरसन. डिकरसन यांनी वॉररूमच्या भिंतीवर जे नियम लावले, त्यांतला एक मला फार आवडतो. बोलायचं त्याने ज्याला त्या अडचणीतलं सर्वांत जास्त कळतं; हुद्दा कितीही मोठा असो. आपल्याकडच्या कुठल्याही आढावा बैठकीत हा नियम लावला, तर निम्म्या खुर्च्यांवरून आवाजच यायचा नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ही साइट निम्मा वेळही धड चालत नव्हती. महिना संपताना ती ९० टक्क्यांहून अधिक वेळ चालू राहायला लागली. नावनोंदणीची पहिली मुदत संपली तेव्हा, राज्यांच्या साइट धरून, ८० लाख लोकांनी विमा निवडला होता. ओरेगॉन राज्याने मात्र स्वतःची वेगळी साइट उभारायचा घाट घातला होता. त्या साइटवरून एकाही सामान्य माणसाला घरबसल्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत नोंदणी करता आली नाही, आणि २०१४च्या एप्रिलमध्ये राज्याने निमूटपणे केंद्राची साइट पत्करली.

अमेरिकेतल्या सरकारी विमाबाजाराची गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथेच थांबतात, कारण कोसळलेली साइट ही गोष्ट म्हणून झकास असते. खरा वैताग त्यानंतर सुरू होतो. आता पान झटकन उघडतं. पण त्यावरचे प्रश्न असे, की प्रामाणिक माणसाला त्यांची उत्तरं ठाऊक असणं शक्य नसतं.

आधी इथे येतं कोण, ते सांगायला हवं. अमेरिकेत नोकरदाराचा विमा बहुधा मालकाकडून येतो. सरकारी बाजारात येतात ते ज्यांना मालक नाही असे लोक: छोटे दुकानदार, टॅक्सी चालवणारे, पासष्टीच्या आत निवृत्त झालेले, एक नोकरी सुटून दुसरी न लागलेले. मराठी माणसंही यात आहेत. घरी डबे करून विकणाऱ्या ताई आहेत, कथकचे वर्ग घेणाऱ्या बाई आहेत, घरं विकून देणारे दलाल आहेत, आणि आयटीत पंचवीस वर्षं काढून आता स्वतःच्या नावाने कन्सल्टिंग करणारे कितीतरी आहेत. या कायद्याआधी अशा माणसाला मधुमेह असेल, तर बहुतेक राज्यांत कंपनी सरळ नाही म्हणू शकायची. आता म्हणू शकत नाही. हप्ता ठरतो वय, गाव, तंबाखू आणि घरातली माणसं यांवर. आणि म्हाताऱ्याला तरुणाच्या तिपटीहून जास्त आकारता येत नाही. ज्या समाजात घरटी एक साखरेची गोळी चालू असते, त्याला याचं मोल वेगळं सांगायला नको. वैताग सांगताना हे विसरू नये.

कंपनी आजार विचारत नाही. सरकार उत्पन्न विचारतं. हप्त्यात मिळणारी सवलत उत्पन्नावर ठरते आणि उत्पन्न धरायचं ते येत्या वर्षाचं. नोव्हेंबरात अर्ज भरायचा आणि पुढच्या डिसेंबरपर्यंत आपण किती कमावणार तो आकडा डॉलरमध्ये लिहायचा. पगारदार तो लिहील. पण डबे विकणारी बाई काय लिहिणार? अंदाज कमी केला, तर जास्त मिळालेली सवलत कर भरताना परत करावी लागते. या परतफेडीला पूर्वी कमी-मध्यम उत्पन्नवाल्यांसाठी वरची मर्यादा होती. जुलै २०२५च्या कायद्याने २०२६पासून ती काढून टाकली. म्हणजे अंदाज चुकला, तर चुकेल तेवढं सगळं भरा.

दुसरा प्रश्न घरात कोण कोण आहे हा. आपल्याकडे रेशनकार्डावर एका चुलीवर जेवणारी माणसं येतात. या अर्जात येतात ती एका करपत्रकावरची माणसं. चुलीशी त्याचा संबंध नाही. नोकरी करून स्वतःचा कर भरणारा, पण आईच्या हातचं जेवणारा मुलगा कुटुंबात नाही, आणि दुसऱ्या शहरात शिकणारी मुलगी मात्र आहे.

२०२५च्या नोव्हेंबरात मी डॅलसच्या उपनगरात एका ओळखीच्या घरी होतो. नावं देत नाही. दिवाळी होऊन गेली होती. डब्याच्या तळाशी चुरा झालेली चकली आणि दोन अनारसे उरले होते. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, त्याच्यापुढे मुलगा, शेजारी काका-काकू. काका ६८ वर्षांचे, सांगलीजवळच्या साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. काकू ६४च्या. दोन वर्षांपूर्वी दोघं ग्रीन कार्डावर मुलाकडे राहायला आले.

“काका, पुढच्या वर्षीचं तुमचं उत्पन्न किती धरायचं?” मी विचारलं.

काकांनी चष्मा पुसला. “आता बघा, ठेवींचं व्याज सांगता येईल. पण विश्रामबागेतल्या गाळ्याचा करार अकरा महिन्यांचा. तो मार्चात संपतो. भाडेकरू राहतो का जातो, देवाला ठाऊक. आणि डॉलर किती रुपयांचा धरायचा? आजचा, का मार्चातला?”

मुलाने हिशेब करून आकडा काढला. दोघांचं मिळून वर्षाला सहा हजार डॉलरच्या आत. परदेशातलं व्याज आणि भाडंही यात मोजायचं असतं, हे त्याला पहिल्या वर्षी एका सल्लागाराने पैसे घेऊन सांगितलं होतं. दोन माणसांच्या घराची दारिद्र्यरेषा या अर्जासाठी २१,१५० डॉलर होती. काका-काकू तिच्या पुष्कळ खाली.

“मग सवलत भरपूर मिळेल,” काकू म्हणाल्या. “२०२५ला हप्ता जवळजवळ नव्हताच आपल्याला.”

बरोबर होतं त्यांचं. पण २०२६साठी नियम बदलला होता. कायद्याची मूळ रचना अशी, की दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला बाजारात यायची गरजच नाही, त्याच्यासाठी ‘मेडिकेड’ ही सरकारी योजना आहे. नव्या ग्रीन कार्डवाल्याला बहुतेक ठिकाणी पहिली पाच वर्षं मेडिकेड नाही, म्हणून त्याला अपवाद करून बाजारातली सवलत दिली जायची. २०२५च्या कायद्याने तो अपवाद १ जानेवारी २०२६पासून संपवला. ‘मेडिकेअर’ ही पासष्टीनंतरची योजना काकांच्या वयाला लागू होती, पण जिथे कधी नोकरीच केली नाही त्या देशात ती विकत घ्यायलाही सलग पाच वर्षांचं वास्तव्य लागतं; झाली होती दोन. मुलाने आई-वडिलांना आपल्या करपत्रकात अवलंबित दाखवलं, तर उत्पन्न मुलाचं धरलं जाणार, आणि ते सवलतीच्या पलीकडचं.

“म्हणजे उत्पन्न कमी आहे म्हणून मदत नाही?” काकूंनी दोनदा विचारलं.

पूर्ण हप्ता पडद्यावर आला, तेव्हा काका काही बोलले नाहीत. दोघांचा एका महिन्याचा हप्ता गाळ्याच्या सहा महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त होता.

अमेरिकी करदात्याची बाजू इथे अगदीच लंगडी नाही. आई-वडिलांना ग्रीन कार्डावर बोलावताना मुलाने त्यांचा भार उचलायची हमी सरकारला लेखी दिलेली असते. ‘मग विम्याची सवलत आम्ही का द्यायची’ हा प्रश्न रास्त आहे, आणि मराठी मंडळांच्या गप्पांमध्ये तो कुणी काढला की टेबल एकदम शांत होतं. पण ज्यांनी २०२३ साली हिशेब करून आई-वडिलांना आणलं, त्यांचा हिशेब मध्येच मोडला, हेही खरं. त्यातला राग बहुधा साइटवर निघतो. साइट बिचारी फक्त कायदा वाचून दाखवते.

तळाशी जसा हा खड्डा, तसा वरच्या टोकाला कडा आहे. मूळ कायद्यात दारिद्र्यरेषेच्या चौपटीपर्यंत सवलत होती; त्यापुढे एक डॉलर गेला तरी शून्य. २०२१ साली कोविडच्या मदत कायद्याने हा कडा काढला आणि हप्ता उत्पन्नाच्या ८.५ टक्क्यांहून जास्त जाणार नाही अशी सोय केली. ती २०२५अखेर संपली. २०२६साठी दोन माणसांची चौपट मर्यादा ८४,६०० डॉलर. आरोग्यधोरणाचा अभ्यास करणाऱ्या ‘केएफएफ’ संस्थेने उदाहरण दिलं ते साठीच्या जोडप्याचं. उत्पन्न ८५,००० डॉलर, म्हणजे मर्यादेच्या फक्त ४०० डॉलर वर. त्यांचा वर्षाचा हप्ता २२,६०० डॉलरहून जास्त वाढणार असा अंदाज होता. याच सवलतीवरून १ ऑक्टोबर २०२५ला, २०१३च्याच तारखेला, अमेरिकी सरकारचं कामकाज पुन्हा ठप्प झालं आणि ४३ दिवस ठप्प राहिलं. तोवरच्या इतिहासात इतका काळ ते कधीच बंद नव्हतं. सवलतीची मुदत काही वाढली नाही.

त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबरात मराठी घरांत एक अजब कसरत सुरू होते. पन्नाशीतले कन्सल्टंट शेवटचं बिल जानेवारीत पाठवायचं का ते ठरवतात. कुणी निवृत्तीच्या खात्यात जास्त भर घालून उत्पन्न खाली ओढतं. कमी कमवायला शिकवणारी ही शिकवणी कुणी ठरवून काढलेली नाही, पण चालते जोरात.

हे सगळं पार पडलं की योजना निवडायच्या. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. धातूचा आजाराशी संबंध नाही. सरासरी खर्चातला कंपनीचा वाटा ६०, ७०, ८०, ९० टक्के असा चढत जातो, एवढंच. ब्राँझचा हप्ता कमी दिसतो, पण ‘डिडक्टिबल’ हजारो डॉलरचं; तेवढा खर्च आधी खिशातून झाल्यावर कंपनी बहुतेक बिलांना हात लावणार. त्यावर डॉक्टरांचं नेटवर्क. कंपनीच्या यादीत डॉक्टरचं नाव असतं. फोन केला की कळतं, डॉक्टर दोन वर्षांपूर्वी ते क्लिनिक सोडून गेले. माझ्या यजमानांनी काकांच्या हृदयरोगतज्ज्ञासाठी एका कंपनीच्या यादीतले चार फोन फिरवले. एकाने नवे पेशंट घेत नाही म्हटलं, दोघांनी ही योजना घेत नाही म्हटलं, चौथा नंबर दंतवैद्याचा निघाला. नावांचा आणखी एक घोळ आपल्या पासपोर्टात आहे: वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव तिथे ‘गिव्हन नेम’मध्ये जोडून येतं, सोशल सिक्युरिटीच्या कार्डावर वेगळं येतं, आणि संगणकाला ती दोन माणसं वाटतात. मग कागद अपलोड करा, तीन महिन्यांच्या आत.

ओळख पटवण्याचीही तऱ्हा आहे. ते काम ‘एक्सपीरियन’ या पतमापन कंपनीच्या नोंदींवरून व्हायचं: पूर्वीचा पत्ता, जुनं कर्ज असे प्रश्न. नुकत्याच आलेल्या माणसाला ना पत्ता ना कर्ज. तो खराच आहे हे सिद्ध करायला त्याला घाम फुटतो. उलट २०१४ साली ‘जीएओ’ने चाचणीसाठी १२ बनावट अर्जदार उभे केले, त्यांतल्या ११ जणांना सवलतीचा विमा मिळाला. बनावट माणसाचे कागद आधीच नीटनेटके केलेले असतात ना!

एवढ्या गुंत्यात मदत करायला ‘नॅव्हिगेटर’ म्हणून फुकट सल्ला देणारी माणसं नेमलेली होती. फेब्रुवारी २०२५मध्ये त्यांच्यासाठीची तरतूद ९.८ कोटी डॉलरवरून एक कोटीवर आणायचं जाहीर झालं. उरतो एजंट. त्याला कंपनीकडून कमिशन मिळतं. काही एजंटांनी तर लोकांना न विचारता त्यांच्या योजना परस्पर बदलून टाकल्या. नाव, जन्मतारीख आणि राज्य एवढं हाती आलं की काम भागायचं. माणसाला पत्ता लागायचा तो दवाखान्यात कार्ड चाललं नाही तेव्हा. तक्रारींचा ढीग पडल्यावर २०२४ साली ‘सीएमएस’ने ८५० एजंटांचा बाजारातला प्रवेश रोखला.

हे सगळं आपण कशाला वाचायचं? कारण आपल्याकडेही असा बाजार येऊ घातला आहे. त्याचं नाव ‘बिमा सुगम’. विमा नियामक ‘आयआरडीएआय’ने मार्च २०२४मध्ये त्याचे नियम केले आणि १७ सप्टेंबर २०२५ला त्याची साइट उघडली; आधी माहिती, मग टप्प्याटप्प्याने खरेदी, अशी योजना जाहीर झाली. एकाच जागी सगळ्या कंपन्यांच्या पॉलिसी, तुलना, नूतनीकरण आणि क्लेम.

उत्पन्नाचा प्रश्न तिथे तितका छळणार नाही, कारण हप्त्यात सरकारी सवलत नाही. आपला प्रश्न उलटा आहे. अमेरिकेत कंपनी आजार विचारू शकत नाही. आपल्याकडे ती सगळं विचारते, आणि एखादी गोष्ट सांगायची राहिली की क्लेमच्या वेळी तेच पान बाहेर काढते. आधीच्या आजारांसाठीचा थांबण्याचा काळ नियामकाने २०२४ साली जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला, पासष्टीनंतर नवी पॉलिसी घेण्यावरची अडचण काढली, हे चांगलं झालं. तरी ‘गेल्या काही वर्षांत तुम्हाला कोणता त्रास झाला?’ या प्रश्नापुढे सांगलीचे काका जसे डॉलरच्या भावापुढे थबकले तसेच थबकतील. पित्त धरायचं का? गुडघा?

अमेरिकी बाजाराने एक गोष्ट उत्तम केली. वर्षाकाठी एकूण खर्च किती होईल, आपला डॉक्टर यादीत आहे का, हे निवडीच्या पानावर दाखवायला सुरुवात केली. एक गोष्ट मात्र तिथे कधी ठळकपणे आली नाही. कायद्यानुसार कंपन्या नाकारलेल्या क्लेमचे आकडे सरकारला देतात. ‘केएफएफ’ने ते तपासले: २०२३ साली हेल्थकेअर डॉट गव्हवरच्या कंपन्यांनी नेटवर्कमधल्या डॉक्टरांचे १९ टक्के क्लेम नाकारले, आणि नाकारलेल्यांपैकी एका टक्क्याहूनही कमी क्लेमवर दाद मागितली गेली. एकेका कंपनीचा हा आकडा सरकारी फायलीत मिळतो. विमा निवडताना हप्त्याच्या शेजारी तो दिसत नाही.

‘बिमा सुगम’वर खरेदी सुरू झाली, की मी हप्ता नंतर बघेन. आधी बघेन की कंपनीच्या नावापुढे ‘१०० क्लेम आले, इतके नाकारले, इतके अर्धवट दिले’ असा रकाना आहे का, आणि त्याखाली पुण्याच्या किंवा मुंबईच्या विमा लोकपालाकडे तक्रार नेणारं बटण आहे का.